बुंध्यापासून जहाजापर्यंत

अमेरिकेच्या ईशान्य टोकाला मेन नावाचे जंगलमय राज्य आहे. तेथे पूर्वी हिवाळ्यात लाकूडतोडे झाडे पाडीत, घोडे बर्फावरून ओंडके नदीकाठी ओढून आणीत आणि वसंतात नदी फुगली, की ते प्रवाहात सोडून गिरणीपर्यंत नेत. ही रीत लवकरच लोपणार, हे आल्फ्रेड एम्स या लाकूड-व्यावसायिकांनी ओळखले. 1930 साली त्यांनी 16 मिलिमीटर फितीवर ती सारी चित्रित केली. चित्रपट मूक, म्हणून सोबत वाचण्यासाठी त्यांनी निवेदनही लिहिले.

पुढे नदीतील ओंडके खरोखरच नाहीसे झाले; राहिली ती फीत. परंतु फीत तरी कोठे अमर असते? दमट, उष्ण जागी ती आक्रसते, तिला व्हिनेगरसारखा आंबट वास सुटतो आणि हा विकार शेजारच्या फितींनाही जडतो. माळ्यावरचे कितीतरी डबे असेच वाया गेले असतील! एम्स यांची फीत मात्र 1985 साली नीट करून निवेदनासह लोकांना दाखविण्यात आली. त्यातूनच 1986 साली अशा हौशी चित्रपटांचे संग्रहालय निघाले. ते बक्सपोर्ट गावातील एका जुन्या चित्रपटगृहात आहे.

अशा संग्रहालयात डबा आला, की प्रथम वास घेतात. फाटलेली भोके डकवून प्रत काढतात आणि मूळ फीत थंड, कोरड्या कोठारात ठेवतात. मग गावातील वृद्धांना विचारतात, “घोड्यांजवळ उभा असलेला हा माणूस कोण? हा पूल कोठला?” उत्तरे देणारे मात्र दरवर्षी कमी होत जातात.