‘सेल्फ’ का लागत नाही? दहावीचा धडा जुन्या मोटारसायकलच्या पोटात

दहावीच्या विज्ञान भाग 1 मध्ये ‘विद्युतधारेचे परिणाम’ हा धडा आहे. त्यातली विद्युत चलित्राची आकृती मुलं छान काढतात. फ्लेमिंगचा डाव्या हाताचा नियमही पाठ असतो: तर्जनी चुंबकीय क्षेत्र, मधलं बोट विद्युतधारा, अंगठा बल. पण ‘ते दुभंगलेलं कडं आणि त्याला टेकलेले ब्रश कशाला?’ असं विचारलं की वर्ग गप्प होतो. याचं उत्तर फळ्यापेक्षा जुन्या बाइकच्या स्टार्टर मोटरमध्ये, म्हणजे गॅरेजच्या भाषेत ‘सेल्फ’मध्ये, जास्त चांगलं दिसतं.

पंधरा-सोळा वर्षं चाललेली बाइक घ्या. किकने चालू होते, पण सेल्फचं बटण दाबलं की सीटखालून नुसता ‘टक’ आवाज. हा आवाज रिलेचा. बटणातून जाते ती थोडीशीच धारा. तिच्यामुळे रिलेतली गुंडाळी विद्युतचुंबक बनते आणि जाड वायरचा मोठा रस्ता जोडते. टक झालं, म्हणजे बटणापर्यंत सगळं ठीक.

इथे हमखास प्रश्न येतो, ‘बाई, हेडलाइट तर लागतोय, मग बॅटरी चांगलीच असणार ना?’ हा प्रश्न मुलांनाच सोडवू द्या. 35 वॅटचा दिवा 12 व्होल्टवर सुमारे 3 अँपिअर घेतो. अर्ध्या किलोवॅटची मोटर 40 अँपिअरच्या आसपास घेते, सुरुवातीच्या क्षणी त्याहून बरीच जास्त. आता गंजलेल्या टर्मिनलमुळे वाटेत 0.1 ओहम रोध वाढला समजा. दिव्याचे 0.3 व्होल्ट हरवतात, डोळ्यांना कळतही नाही. मोटरचे 4 व्होल्ट हरवतात, म्हणजे तिसरा हिस्सा गेला. (हिशोब ढोबळ आहे. रोध वाढला की धाराही घटते. एखादं मूल हे पकडेल, पकडू द्या.)

म्हणून मोटर खोलायची घाई नको. आधी टर्मिनल घासून घट्ट करा, बॅटरी चार्ज करा. मग गाडी न्यूट्रलमध्ये ठेवून एकाने बटण दाबायचं, दुसऱ्याने मोटरच्या टर्मिनलवर मल्टिमीटर धरायचा. तिथे 12 च्या जवळ व्होल्ट येतात आणि मोटर ढिम्म, तर दोष मोटरच्या आतच आहे.

काढताना इंजिन थंड हवं, आणि बॅटरीची निगेटिव्ह वायर सगळ्यात आधी सोडायची. का? गाडीची पूर्ण बॉडी निगेटिव्हला जोडलेली असते. पॉझिटिव्ह आधी सोडायला गेलात आणि पाना चेसिसला टेकला, तर थेट शॉर्टसर्किट. पुढचं काम सोपं: वायर सोडा, इंजिनवरचे मोटरचे बोल्ट काढा, मोटर हलवत बाहेर ओढा. उघडण्याआधी बॉडी आणि दोन्ही टोकांच्या झाकणांवर मार्करने एक सलग रेघ मारा, म्हणजे परत बसवताना झाकणं फिरणार नाहीत. दांड्यावरचे पातळ वायसर कुठल्या बाजूला किती होते, ते लिहून ठेवा, फोटोही काढा.

आत काळी पूड दिसेल. फुंकर मारू नका, ती कार्बनची पूड आहे. मास्क लावून जुन्या टूथब्रशने झाडा. हीच पूड आपला धडा आहे. फिरणाऱ्या गुंडाळीला वीज द्यायची कशी? वायर सरळ जोडली तर पीळ बसून तुटेल. 1821 साली फॅरडेने चुंबकाभोवती तार फिरवून दाखवली, तेव्हा त्याने तारेचं टोक पाऱ्यात बुडवलं होतं. तार फिरते, पण संपर्क सुटत नाही. गाडीत पारा चालणार नाही, म्हणून स्प्रिंगने दाबून धरलेला कार्बनचा तुकडा. तो मुद्दाम मऊ ठेवतात. घासलं तर त्याने घासावं, महागड्या आर्मेचरचं तांबं वाचावं. काही वर्षांनी तो इतका आखूड होतो की स्प्रिंगचा दाब पुरत नाही, आणि आपल्याला नुसता ‘टक’ ऐकू येतो. अशा वेळी बऱ्याचदा सरळ नवी मोटर घालायचा सल्ला मिळतो. प्रत्यक्षात ब्रशचा संच बदलून भागतं, आणि तो नव्या मोटरपेक्षा कितीतरी स्वस्त असतो. ब्रशची लांबी मोजून मॅन्युअलमधल्या मर्यादेशी ताडून बघा.

आता कम्युटेटर, म्हणजे आपलं दुभंगलेलं कडं. पुस्तकात दोन तुकडे, इथे बरेच. मुलांना मोजायला लावा. अर्धा फेरा झाला की गुंडाळीतली धारा उलटवायची, नाहीतर बल उलट दिशेने लागून ती मागे येईल. हे काम करणारे तांब्याचे तुकडे बोटाला लागतात, तेव्हा आकृतीतले X आणि Y मुलांना खरे वाटतात. साफ करायला आधी स्पिरिट लावलेलं फडकं. पॉलिशपेपर काही मॅन्युअलमध्ये चालतो, काहींमध्ये स्पष्ट मनाई असते, त्यामुळे आपल्या गाडीचं मॅन्युअल बघूनच ठरवा. पेट्रोलने धुणं मात्र मुलांसमोर तरी नकोच.

मल्टिमीटर इथे पुन्हा लागतो. कम्युटेटरच्या शेजारशेजारच्या तुकड्यांत जोड दाखवली पाहिजे. कुठलाही तुकडा आणि मधला दांडा यांच्यात अजिबात नको. दाखवली तर गुंडाळी आतून बॉडीला लागली आहे, आणि मग नवे ब्रश घालून उपयोग नाही. आर्मेचर रिवाइंड करा किंवा मोटर बदला.

बसवताना त्रास देतात ते ब्रश. स्प्रिंग मागे धरून आर्मेचर आत सरकवायचं, आणि चुंबक ते खसकन ओढून घेतो, तेव्हा बोटं सांभाळा. रबरी रिंगला थोडं तेल, बुशला किंचित ग्रीस. ग्रीस कम्युटेटरवर जाता कामा नये.

गाडीवर चढवण्याआधी मोटर व्हाइसमध्ये अलगद पकडून जंपर केबलने क्षणभर चालवा. हातात धरून नाही! दांडा एका बाजूला फिरतो तेव्हा बॉडीला उलट झटका बसतो. न्यूटनचा तिसरा नियम मुलांनी नववीत लिहिलेला असतो, तो इथे व्हाइसवर दिसतो. मोटर भर्रकन फिरली की गाडीवर चढवा, निगेटिव्ह वायर सर्वात शेवटी जोडा, आणि बटण एका वेळी पाच सेकंदांपेक्षा जास्त दाबू नका. का, ते मुलांना शोधू द्या. सूचना म्हणून एवढंच सांगा: अडकलेली मोटर फिरत्या मोटरपेक्षा जास्त धारा खेचते.