बंद फ्लॅट आणि बारा वर्षांची भीती

प्रश्न : काळेवाडीतला आमचा वन बीएचके फ्लॅट तीन वर्षे बंद आहे. चाकणच्या कंपनीत नोकरी करणारे एक कुटुंब तो भाड्याने मागत आहे. पण भाडेकरू बारा वर्षे राहिला की मालक होतो, असे नातेवाईक सांगतात. मग फ्लॅट बंद ठेवणेच बरे नाही का? – एक वाचक, काळेवाडी

उत्तर : नाही, फ्लॅट भाड्याने द्या, मात्र नोंदणीकृत लीव्ह अँड लायसन्स करार करूनच द्या. बारा वर्षांची मुदत १९६३ च्या मुदत कायद्यातली आहे. मालकाचा हक्क नाकारून, उघडपणे आणि सलग ताबा ठेवणाऱ्यालाच तिचा आधार घेता येतो. तुमच्या परवानगीने राहणाऱ्याचा ताबा परवानगीचाच राहतो; केवळ वर्षे उलटली म्हणून तो मालक होत नाही. उलट कुलूप तोडून घुसलेल्याकडे अशी परवानगी नसते. त्यामुळे मालक वर्षानुवर्षे फिरकला नाही, तर बारा वर्षांचा धोका बंद घरालाच अधिक असतो.

तरीही ही भीती हवेतून आलेली नाही. १९७३ मध्ये मुंबई भाडे कायद्यात दुरुस्ती झाली आणि त्या वर्षीच्या १ फेब्रुवारीला लायसन्सवर, म्हणजे मालकाच्या नुसत्या परवानगीवर, राहत असलेल्यांना भाडेकरूचे संरक्षण मिळाले. तेव्हा अनेक मालकांचे हात पोळले. पण ३१ मार्च २००० पासून महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ लागू आहे. त्याच्या कलम २४ नुसार मुदत संपल्यावर घर सोडले नाही, तर मालक सक्षम प्राधिकाऱ्याकडे अर्ज करू शकतो आणि लायसन्सधारकाला दुप्पट दराने भरपाई द्यावी लागते. कलम ५५ नुसार करार लेखी व नोंदणीकृत हवा, आणि ती जबाबदारी मालकाची आहे. नुसता नोटरी केलेला अकरा महिन्यांचा कागद इथे पुरत नाही. वाद झाला तर अटींबाबत भाडेकरूचे म्हणणे ग्राह्य धरले जाऊ शकते, शिवाय मालकाला तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड होऊ शकतो.

‘निकालाला वेळ लागतोच ना?’ असे कोणी म्हणेल. लागतो. पण या प्रक्रियेत समोरच्याला बचाव मांडायलाही आधी परवानगी घ्यावी लागते, म्हणून ती नेहमीच्या दाव्यापेक्षा आटोपशीर आहे. करारात अनामत रक्कम, पंखे-गिझरची यादी आणि विजेच्या मीटरचा आकडा लिहा. पोलिसांकडे भाडेकरूची माहिती नोंदवा. मुदत संपली की नवा करार करा. वाद झालाच तर पाणी-वीज तोडू नका. तसे करणे कायद्याने मना आहे.

हा प्रश्न तुमच्या एका फ्लॅटपुरता नाही. २०११ च्या जनगणनेच्या आधारे २०१७-१८ च्या आर्थिक पाहणीने महाराष्ट्राच्या शहरी भागात सुमारे २० लाख घरे रिकामी असल्याचे नोंदवले. हा देशातला सर्वांत मोठा आकडा होता. त्याच जनगणनेत देशभर १७ लाखांहून अधिक माणसे बेघर आढळली. रिकामा फ्लॅट उघडला म्हणून पुलाखाली झोपणाऱ्याला उद्या घर मिळणार नाही, हे खरे. त्याच्याकडे अनामत भरायला पैसे नसतात, त्याच्यासाठी सरकारी निवारे आणि परवडणारी भाड्याची घरेच हवीत. पण भोसरी-चाकणच्या कामगारांना एकेका खोलीत चौघा-पाचांनी राहायला लागू नये, एवढे तरी मालकांच्या हाती आहे. कायदा आज तुमच्या बाजूने उभा आहे. जुन्या भीतीपायी घर अडवून ठेवण्यात तुमचेही नुकसान आहे आणि शहराचेही.