घरी न निघणारा विषय आणि नाट्यगृहातलं हसू

प्रश्न : गेल्या महिन्यात आम्ही घरचे सगळे मराठी स्टँडअपच्या प्रयोगाला गेलो होतो. कलाकार सांगत होता, त्याचे बाबा त्याच्याशी थेट बोलतच नाहीत. तो समोर बसलेला असला तरी आईला म्हणतात, "त्याला सांग, उशीर करू नकोस म्हणावं." आमच्याकडे सासरे आणि माझे मिस्टर यांचं अगदी असंच चालतं. दोघंही खळखळून हसले. सासूबाई तर रुमालाने डोळे पुसत होत्या. मला वाटलं, आता गाडीत तरी विषय निघेल. कोणी चकार शब्द काढला नाही. घरी जे बोलायची हिंमत होत नाही, त्यावर परक्या माणसांत बसून आपण एवढे हसतो कसे?
– एक वाचक, डोंबिवली

उत्तर : 'लेकी बोले सुने लागे' ही म्हण तुम्हाला ठाऊकच आहे. भांडण टाळून बोलणं पोचवायची ही आपल्या घरांतली जुनी युक्ती. त्या संध्याकाळी लेकीची जागा कलाकाराच्या बाबांनी घेतली. बोलणी त्यांनी खाल्ली, लागली मात्र तुमच्या सासऱ्यांना. त्यांच्याकडे कोणी बोट दाखवलं नव्हतं, म्हणून त्यांना आपली बाजू मांडायचीही गरज पडली नाही. ते मोकळे हसले.

शिवाय हसू हे मुळात चारचौघांतलं. अमेरिकेतले हसण्याचे अभ्यासक रॉबर्ट प्रोव्हाइन यांना असं आढळलं, की माणूस एकटा असताना हसतो त्याच्या सुमारे ३० पट चारचौघांत हसतो. हाच किस्सा सासऱ्यांनी मोबाइलवर एकट्याने पाहिला असता, तर कदाचित नुसते ओठ हलले असते. सगळं सभागृह हसलं तेव्हा त्यांना कळलं, की असं घर आपल्या एकट्याचं नाही. मनातली लाज अशी एकदम हलकी होते.

आणि हे स्टँडअपपासून सुरू झालेलं नाही. सोळाव्या शतकात एकनाथांनी भारूड लिहिलं, त्यात एक सून देवीला रोडग्याचा नवस बोलते. कशासाठी? तर सासरा गावाला गेलाय तो तिकडेच संपू दे, जाच करणारी सासू जाऊ दे, नणंदेच्या किरकिऱ्या पोराला खरूज होऊ दे! अर्थ अध्यात्माचा आहे, षड्रिपू आणि मोह सुटावेत असा. पण ऐकणाऱ्या बायका आधी हसल्या असणार त्या ओळखीच्या घराला. जात्यावरही तेच. हेमा राईरकर आणि गी पॉइतवाँ यांनी गावोगाव फिरून १ लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या. त्यांत माहेरची माया आहे, विठोबा आहे, तसाच सासरचा जाचही आहे. पहाटे त्याच घरात, सासूच्या कानावर पडेल अशा बेताने सून तो गात होती. बोलली असती तर उलट उत्तर ठरलं असतं; गाण्याला कोण काय म्हणणार?

आता गाडीतली शांतता. तिने तुम्ही खट्टू झालात, पण मला ती वाईट वाटत नाही. बापलेक एकाच विनोदाला एकत्र हसले होते. लगेच विषय काढला असता तर त्या हसण्याची झडती झाली असती, आणि दोघंही पुन्हा आपापल्या कोपऱ्यात गेले असते. मात्र हसून झालं म्हणजे प्रश्न सुटला, असंही नाही. साचलेली वाफ निघून गेली की बोलायची निकडही ओसरते. म्हणून फार दिवस जाऊ देऊ नका. पुढच्या वेळी "त्याला सांग" कानावर आलं, की मिस्टरांनी हसत एवढंच म्हणावं, "बाबा, मी इथेच आहे." कशाची आठवण करून दिली ते त्यांना लगेच कळेल. ते चिडलेले असतील तेव्हा मात्र हे वाक्य नको. तेव्हा ते टोमण्यासारखं लागेल.

तुमच्या पत्रातली एक गोष्ट मात्र माझ्या मनात राहिली. सासूबाई रुमालाने डोळे पुसत होत्या. इकडचा निरोप तिकडे नेताना धार बोथट करून सांगायचं काम इतकी वर्षं त्याच करत आल्या आहेत. रंगमंचावरच्या त्या गोष्टीत सगळ्यांत जास्त राबणारी बाई म्हणजे ती आई, आणि तुमच्या घरात त्या. बापलेकांचं जमेल तेव्हा जमेल. एखाद्या दुपारी भाजी निवडताना सासूबाईंना विचारून बघा, त्या दिवशी त्यांना नेमकं कशाचं एवढं हसू आलं.