‘फक्त जुना रंग आहे, सर!’

एएमटीच्या प्लॅस्टिक किटमधली १९५७ची शेव्हरोले बेल एअर, माप १/२५. कोणीतरी फार पूर्वी जोडलेली, लाल रंगाची. विकणाऱ्या गृहस्थांना मी पैसे देण्याआधी स्पष्ट विचारलं होतं, ‘कुठे पुट्टी भरलीय का? काही तुटलंय का?’ उत्तर आलं, ‘नाही हो सर, फक्त जुना रंग आहे.’ तो मेसेज मी अजून पुसलेला नाही, म्हणून छातीठोकपणे सांगतो.

ॲक्रिलिक रंग आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये भिजवला की बहुतेक वेळा सुटतो. हा ढिम्म हलेना, म्हणजे एनॅमल. मग हातमोजे घालून बॉडी ब्रेक ऑइलमध्ये बुडवली (डॉट ३, बाइकपासून लांब ठेवा, तिचाही रंग खाईल) आणि जुन्या टूथब्रशने घासायला बसलो. लाल गेला, खाली निळा निघाला. निळाही गेला आणि मागच्या डाव्या फेंडरवर करडा डाग दिसला. ब्रश लागताच त्याची अख्खी खपली निघून आली. एमसील! गळक्या नळाला लावतात ते! त्याखालचं प्लॅस्टिक सुरकुतलेलं होतं. कोण्या महाभागाने रंग पुसायला एनसी थिनर वापरलं असणार. पॉलिस्टायरीन त्यात विरघळतं.

पण खरा संताप पुढेच आहे. या गाडीची शान म्हणजे बाजूची उठावदार क्रोम पट्टी. डावीकडची पट्टी पॉलिश पेपरने घासून सपाट केलेली, आणि तिच्या जागी चंदेरी पेनाने रेघ ओढलेली. मला पाठवलेले सगळे फोटो उजव्या बाजूचेच का होते, हे तेव्हा कळलं. ज्याने ती रेघ ओढली त्याला काय झालंय ते पक्कं ठाऊक होतं, आणि ज्याने फोटो काढले त्यालाही.

फोन केला तर म्हणतात, ‘जुनी गाडी म्हटल्यावर एवढंतेवढं असणारच. तुम्ही रंग काढायलाच नको होता, छान दिसत होती.’ पैशांचा विषय काढला आणि साहेबांचं नेटवर्क गेलं.

तेव्हा घेणाऱ्यांनो, दोन्ही बाजूंचे आणि खालून काढलेले फोटो मागा. विजेरी बाजूने तिरपी धरून काढलेला एक फोटो मागाच. भरलेली जागा लाटेसारखी उठून दिसते. गाडी हातात घ्यायला मिळाली तर वजन बघा. वीस सेंटिमीटरची पोकळ प्लॅस्टिकची गाडी एका बाजूला जड लागते कशी? विश्वास कोणावरही ठेवू नका, हे वेगळं सांगायला नको.

घरी आणल्यावर पाती घालून सांधे उचकटू नका, छताचे बारीक खांब आधी मोडतात. फेविक्विकने चिकटवलेली गाडी पिशवीत घालून काही तास फ्रीझरमध्ये ठेवा. थंडीने ते ठिसूळ होतं आणि हलक्या पिळाने सांधा सुटतो. काचेवर त्याच्या वाफेची पांढरी धूसर झाक असेल तर पॉलिशने बरीच जाते. प्लॅस्टिकच्या सिमेंटने काच खाल्ली असेल तर वेळ घालवू नका. खराब क्रोम कपडे धुण्याच्या ब्लीचमध्ये उतरतो, पण ब्लीचमध्ये दुसरं काहीही मिसळू नका आणि खिडकी उघडी ठेवा. धीर धरा, मास्क लावा वगैरे तुम्हाला माहीत आहेच.

पट्टी मी प्लॅस्टिकची बारीक पट्टी चिकटवून नव्याने केली. उजवीइतकी रेखीव नाही, पण पेनाची रेघ तरी नाही. आणि टायर! जुन्या मऊ टायरमधलं तेलकट द्रव्य हळूहळू बाहेर येतं आणि चाकाचं प्लॅस्टिक वितळवतं. माझी दोन चाकं त्यातच गेली. नवीन बसवताना मध्ये फॉइलचा पातळ थर द्या. ही चाकंसुद्धा फोटोंत नव्हती.