लिम्फोमाच्या गाठीची मार्कर तपासणी: शस्त्रक्रियेपासून अहवालापर्यंत

मानेत गाठ दिसली की सोलापूर जिल्ह्यात पहिला संशय टीबीचा येतो आणि तो अनेकदा खराही ठरतो. पण औषधे चालू असूनही गाठ वाढत राहिली, तर लिम्फोमा (लसिका ग्रंथींचा कर्करोग) आहे का ते पाहायलाच हवे. त्याचे प्रकार अनेक आणि दुर्मीळ प्रकारांचे उपचार वेगळे. प्रकार ठरतो पेशींच्या मार्करवरून, म्हणजे रंगवून ओळखता येणाऱ्या खुणांवरून. बार्शीच्या नर्गिस दत्त कॅन्सर रुग्णालयामुळे जिल्ह्यात १९८७ पासून ग्रामीण कर्करोग नोंदणी चालते. तिचा खरा उपयोगही निदान नेमके असेल तेव्हाच. नेमक्या निदानाचे काम शस्त्रक्रियेच्या टेबलावरच सुरू होते.

साहित्य (एक लिटर बफर फॉर्मलिन)
बाजारातले तीव्र फॉर्मलिन १०० मिली, डिस्टिल्ड वॉटर ९०० मिली, सोडियम डायहायड्रोजन फॉस्फेट (मोनोहायड्रेट) ४ ग्रॅम, डायसोडियम हायड्रोजन फॉस्फेट (निर्जल) ६.५ ग्रॅम.

कृती
१. शक्य असेल तिथे गाठ अख्खी काढावी. सुईने काढलेल्या पेशींत गाठीची रचना दिसत नाही आणि लिम्फोमात रचनेला फार महत्त्व आहे. चिमट्याने गाठ दाबू नये. चिरडलेल्या पेशी पुढे वाचता येत नाहीत.

२. गाठ लगेच मधोमध कापावी. कापलेली बाजू स्लाईडवर हलकेच टेकवून ठसे घ्यावेत. टीबीच्या कल्चरसाठी छोटा तुकडा सलाईनमध्ये वेगळा ठेवावा. फॉर्मलिनमध्ये जंतू मरतात. फ्लो सायटोमेट्री करायची असेल तर ताजा तुकडा आधीच बाजूला काढावा.

३. उरलेल्या गाठीचे ३-४ मिमी जाडीचे काप करून त्यांच्या दहापट बफर फॉर्मलिनमध्ये टाकावेत. अख्खी गाठ टाकली, तर द्रव आतपर्यंत लवकर पोचत नाही आणि मधला भाग सडतो. सोलापूरच्या उन्हाळ्यात हे फार लवकर होते. साधारण ६ ते ४८ तास पुरेत. बाटलीवर नाव, जागा, काढल्याची वेळ लिहावी.

४. पॅराफिन ब्लॉकचे ३-४ मायक्रॉनचे काप घेऊन आधी हिमॅटॉक्सिलिन-इओसिनची स्लाईड पाहावी. मार्कर तिच्यावरून निवडावेत. सगळे एकदम मागवले, तर पैसे जातात आणि ब्लॉकही संपतो.

५. पहिली फळी सीडी२० आणि सीडी३. पहिला बी-पेशींचा, दुसरा टी-पेशींचा. सोबत केआय-६७ लावला की पेशी किती वेगाने वाढतात ते कळते. प्रत्येक वेळी टॉन्सिलचा कंट्रोल लावावा. त्यात सीडी२० आणि सीडी३ची तपकिरी कडी पेशींभोवती नीट उमटली नसेल, तर रुग्णाची स्लाईड वाचूच नये.

६. दुसरी फळी चित्रानुसार निवडावी:
• लहान बी-पेशी, सीडी५ आणि केंद्रकात सायक्लिन डी१: मँटल सेल.
• मोठ्या पेशींत सीडी३० ठळक, पॅक्स५ नाही: अ‍ॅनाप्लास्टिक लार्ज सेलचा विचार करून एएलके लावावा. पॅक्स५ फिकट आणि सीडी१५ सोबत असेल, तर हॉजकिन.
• नाकातील गाठ, पेशीद्रवात सीडी३, सोबत सीडी५६, ग्रॅन्झाइम बी आणि ईबर (ईबीव्ही विषाणूची खूण): एनके/टी-सेल.
• सीडी२० नाही, पण सीडी१३८ आणि एमयूएम१ आहेत: प्लाझ्माब्लास्टिक. एचआयव्ही तपासणी करावी.

७. एकट्या मार्करवर निदान देऊ नये. सीडी३० हॉजकिनमध्येही असतो, अ‍ॅनाप्लास्टिकमध्येही. मार्कर, पेशींचे रूप, गाठीची जागा, वय आणि आजाराची वाटचाल जुळली तरच नाव द्यावे. टी-पेशींनी सीडी५ किंवा सीडी७ गमावला असेल, तर संशय बळावतो.

८. चित्र जुळत नसेल, तर ब्लॉक आणि सर्व स्लाईड टाटा मेमोरियलसारख्या मोठ्या केंद्राकडे पाठवाव्यात. ब्लॉक उन्हात तापू देऊ नये. सोबत एका पानावर वय, गाठीची जागा, ताप, वजन, टीबीचे औषध, आधीचे उपचार लिहावेत. रिटक्सिमॅब दिले असेल तर ते ठळक लिहावे. त्यानंतर सीडी२० दिसेनासा होऊ शकतो.

अहवालात कोणते मार्कर आले आणि कोणते आले नाहीत, दोन्ही नोंदवावे. पुढचा डॉक्टर औषध त्यावरूनच ठरवतो आणि निदानाबद्दल शंका आली, तर पुन्हा पडताळणीही त्यावरूनच करता येते.