वाचविलेली वीज : शेतीपंपाचा हिशेब आणि गावाचे कर्तव्य

विजेचा प्रश्न निघाला की आपल्याकडे चर्चा ताबडतोब निर्मितीकडे वळते. नवे संच किती उभे राहणार, कोळसा कोठून येणार, सौर प्रकल्पांना जमीन कोठे मिळणार, याचाच विचार अधिक होतो. हा विचार आवश्यक आहेच. परंतु निर्माण झालेल्या विजेचे पुढे काय होते, हा प्रश्न त्याहून कमी महत्त्वाचा नाही. गळक्या रांजणात कितीही घागरी ओतल्या तरी तो भरत नाही, हे आपल्या गृहिणींना चांगले ठाऊक आहे. ऊर्जा धोरणाला मात्र हे शहाणपण अद्याप पुरतेपणी उमगलेले नाही, असे खेदाने म्हणावे लागते.

महाराष्ट्राची वीजनिर्मितीची परंपरा मोठी आहे. १९१५ मध्ये खोपोली येथे जलविद्युत निर्माण होऊन मुंबईच्या गिरण्यांना मिळू लागली. राज्यस्थापनेनंतर, १९६२ मध्ये कोयनेची वीज वाहू लागली आणि चार टप्पे पूर्ण होऊन त्या प्रकल्पाची क्षमता १,९६० मेगावॅट झाली. चंद्रपूर, कोराडी, भुसावळ, परळी या औष्णिक केंद्रांनी राज्याच्या औद्योगिक वाढीला बळ दिले. तथापि या प्रत्येक साधनाला मर्यादा आहे. कोयनेचे पाणी पश्चिमेकडे किती वळवावे यावर कृष्णा पाणीतंटा लवादाने बंधन घातले आहे. भारतीय कोळशात राखेचे प्रमाण फार, म्हणून औष्णिक केंद्राच्या शेजारी राखेचे तलाव वाढत जातात. सूर्याचा प्रकाश अमर्याद असला तरी तो दिवसाच मिळतो. तेव्हा वीज कोणत्याही मार्गाने मिळविली तरी ती फुकट नसते. तिचे मोल कोणीतरी, कोठेतरी देतच असतो.

कोळशापासून पाण्यापर्यंत

आता कोळशाच्या उष्णतेचे शंभर भाग कल्पून त्यांचा प्रवास पाहू. औष्णिक केंद्रात त्यांपैकी सुमारे पस्तीस भागांचीच वीज होते. केंद्राच्या स्वतःच्या पंखे, पंप व गिरण्यांसाठी काही वीज खर्च होऊन सुमारे बत्तीस भाग बाहेर पडतात. दूरवरच्या ग्रामीण वाहिनीवर तारांत व रोहित्रांत पाचवा हिस्सा गेला असे धरल्यास विहिरीपर्यंत सव्वीस भाग पोचतात. पंपसंचाची कार्यक्षमता तीस टक्के असेल, तर प्रत्यक्ष पाणी उचलण्याच्या कामी येतात केवळ आठ भाग. शंभरांतील ब्याण्णव भाग वाटेत गेले! यांपैकी केंद्रातील मोठी घट निसर्गनियमांमुळे अटळ आहे. परंतु शेवटच्या टप्प्यावरील घट आपल्या हातची आहे, आणि साखळीच्या शेवटी वाचविलेले एक युनिट आरंभी त्याहून अधिक निर्मिती वाचविते.

हाच हिशेब शेतकऱ्याच्या भाषेत मांडू. एक एकर पिकाला पाच सेंटिमीटर पाण्याची एक पाळी द्यावयाची, म्हणजे सुमारे दोन लक्ष लिटर पाणी झाले. ते तीस मीटर उंच उचलण्यास, कोठेही घट झाली नाही तर, साडेसोळा युनिट वीज पुरेल. तीस टक्के कार्यक्षमतेच्या पंपाला याच कामासाठी सुमारे पंचावन्न युनिट लागतात. पन्नास टक्के कार्यक्षमतेच्या पंपाला तेहतीस. एका एकराच्या एका पाळीमागे बावीस युनिटांचा फरक! एवढी वीज विहिरीवर पोचविण्यासाठी औष्णिक केंद्रात पंधरा ते वीस किलो कोळसा जळतो.

शेतकऱ्याला कोळशाचे सोयरसुतक नसेल. पण वेळेचे निश्चित आहे. साधारण चार किलोवॅट वीज घेणारा पंप असेल, तर पहिल्या पंपास पावणेचौदा तास चालावे लागेल, दुसऱ्यास सव्वाआठ. वीज पाळीपाळीने, कधी दिवसा तर कधी रात्री, आठ तास मिळत असता पहिल्या शेतकऱ्याला दुसऱ्या खेपेची वाट पाहावी लागते. ती खेप रात्रीची असली म्हणजे पौषाच्या थंडीत, विंचूकाट्याच्या व बिबट्याच्या भीतीत बांधावर उभे राहावे लागते. अकार्यक्षम पंप केवळ वीज खात नाही. तो माणसाची झोप आणि प्रसंगी त्याचा जीव धोक्यात घालतो.

घट कोठे होते?

कारणे गूढ नाहीत. पहिले कारण नळाचे. अरुंद नळातून तेवढेच पाणी नेताना घर्षण फार वाढते. हे घर्षण व्यासाच्या पाचव्या घाताच्या व्यस्त प्रमाणात बदलते. म्हणून दोन इंची नळाऐवजी अडीच इंची नळ घातला तर घर्षणातील घट सुमारे एकतृतीयांशावर येते. दुसरे कारण फूट व्हॉल्व्हचे. त्याची जाळी अरुंद किंवा गाळाने भरलेली असल्यास पंप पाण्यासाठी अकारण झगडतो. तिसरे कारण निवडीचे. विहिरीची खोली व पाण्याची गरज न पाहता, शेजाऱ्याचा पाच अश्वशक्तीचा म्हणून आपला साडेसात, अशी खरेदी होते. चौथे कारण दुरुस्तीचे. जळालेली मोटार पुनःपुन्हा, हलक्या तारेने गुंडाळली की तिची कार्यक्षमता घसरत जाते.

पाचवे कारण सामुदायिक आहे. मोटारीला कपॅसिटर नसला की ती आवश्यकतेपेक्षा अधिक प्रवाह ओढते. शक्तिगुणक ०.७० वरून ०.९५ वर नेला तर तोच भार वाहताना प्रवाह सुमारे एकचतुर्थांशाने घटतो आणि तारांतील घट जवळजवळ निम्म्यावर येते. तरीही अनेक ठिकाणी कपॅसिटर काढून टाकलेले आढळतात आणि त्यांच्या जागी ऑटो स्विच आलेले असतात. वीज येताच रोहित्रावरील सर्व मोटारी एकदम सुरू होतात, दाब कोसळतो, मोटारी तापतात आणि अखेर रोहित्र जळते. मग भर हंगामात आठ-पंधरा दिवस पिके वाळतात व दोष एकमेकांवर ढकलला जातो.

दराचे धोरण

अज्ञान हे या स्थितीचे एकमेव कारण नव्हे. अश्वशक्तीनुसार ठोक आकारणी होऊ लागली, तेव्हाच वापर व देयक यांचा संबंध तुटला. २०२४ पासून राज्यात साडेसात अश्वशक्तीपर्यंतच्या शेतीपंपांना मोफत वीज देण्यात येत असून ही सवलत मार्च २०२९ पर्यंत जाहीर झालेली आहे. तिच्यापोटी शासनावर दरसाल सुमारे १४,७६० कोटी रुपयांचा भार येईल, असे त्या वेळी सांगण्यात आले. पावसाच्या लहरीवर जगणाऱ्या कोरडवाहू शेतकऱ्याला आधार हवा, याविषयी दुमत नसावे. परंतु आधार शेतकऱ्याला द्यावयाचा की त्याच्या पंपातील घटीला, हा प्रश्न विचारलाच पाहिजे. पंप निकृष्ट असेल तितका सवलतीचा मोठा वाटा वाया जातो, ही रचना शहाणपणाची नाही.

सोलापूर जिल्ह्यातील मंगळवेढे भागात केंद्रीय ऊर्जा कार्यक्षमता विभागाच्या पुढाकाराने पथदर्शी प्रकल्प झाला व २,२०९ जुने पंप बदलून कार्यक्षम पंप बसविण्यात आले. असे काम शक्य आहे, हे त्यातून सिद्ध झाले. मात्र वीज वाचविल्याने शेतकऱ्याच्या खिशात काही पडत नसेल, तर नवा पंप जपण्याची ओढ त्याला कशी वाटावी? पंजाबात २०१८ मध्ये सुरू झालेल्या योजनेत ठरलेल्या मर्यादेपेक्षा कमी वीज वापरणाऱ्या शेतकऱ्याला वाचलेल्या प्रत्येक युनिटामागे रोख रक्कम देण्याची तजवीज झाली. सवलत न काढता बचतीला मोल देण्याचा हा मार्ग महाराष्ट्राने गांभीर्याने अभ्यासावा, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे. त्यासाठी प्रथम मोजमाप हवे. प्रत्येक पंपावर नाही तरी प्रत्येक रोहित्रावर विश्वसनीय मीटर हवाच.

मुख्यमंत्री सौर कृषिवाहिनी योजनेच्या २०२३ मधील दुसऱ्या टप्प्याने उपकेंद्रांच्या जवळ सौर केंद्रे उभारून शेतीला दिवसा वीज देण्याचे धोरण स्वीकारले. ते स्वागतार्ह आहे. तथापि अकार्यक्षम पंपांसाठी सौर केंद्र उभारणे म्हणजे गळतीच्या मापाने रांजण घडविणे होय. आधी पंप सुधारला तर कमी जागेत, कमी भांडवलात तेच काम होईल. आणखी एक सावधगिरी हवी. पाणी उपसणे सोपे झाले की उपसा वाढतो. म्हणून पंपसुधारणेला ठिबक सिंचनाची आणि विहिरींच्या पाणीपातळीच्या नोंदीची जोड नसेल, तर वीज वाचेल व विहीर आटेल.

गावाने काय करावे?

ग्रामपंचायतीने आरंभ स्वतःच्या देयकापासून करावा. पाणीपुरवठा व दिवाबत्तीची थकबाकी होऊन नळयोजनेची वीज तोडली जाते, तेव्हा भुर्दंड घागर घेऊन दूरवर जाणाऱ्या स्त्रियांना बसतो. गावात जुने शंभर दिवे असून प्रत्येकी पन्नास वॅट वीज घेत असतील, तर रोज बारा तासांना साठ युनिट लागतात. वीस वॅटचे एलईडी दिवे लावल्यास चोवीस पुरतात. वर्षाची बचत तेरा हजार युनिटांहून अधिक होते. दिवसा जळणारे दिवे बंद करण्यास तर योजनेचीही गरज नाही. जबाबदार माणूस पुरे.

रोहित्रनिहाय शेतकऱ्यांचे गट करून कपॅसिटर बसविण्याचा व मोटारी पाळीने सुरू करण्याचा ठराव ग्रामसभेत व्हावा. विस्तार अधिकाऱ्यांनी पंपखरेदीपूर्वी विहिरीची खोली मोजून योग्य अश्वशक्ती सुचवावी. शिक्षकांनी वरच्या वर्गातील मुलांकडून शाळेचा मीटर दरमहा वाचवून घ्यावा व त्याचा आलेख भिंतीवर लावावा; शक्ती, कार्य व कार्यक्षमता हे धडे त्यातून आपोआप शिकले जातील.

ऊर्जा संवर्धन अधिनियम २००१ मध्ये संमत झाला. यंत्रांवरील तारांकित चिठ्ठ्या आज तालुक्याच्या बाजारातही दिसतात. कायदा आहे, तंत्र आहे, अनुभवही गाठीशी आहे. मार्च २०२९ पर्यंतची सवलतीची वर्षे पंप, नळ व रोहित्रे सुधारण्यासाठी वापरली, तर पुढे दर कोणताही ठरो, शेतकऱ्याला त्याची झळ कमी लागेल. ही वर्षे नुसती जाऊ दिली, तर जुनाच हिशेब अधिक मोठ्या आकड्याने आपल्यापुढे उभा राहील.