चित्रपटावरील ध्वनिभाष्य : चांगले कोणते, वाईट कोणते?

(द्वितीय वर्ष कला)

ग्रंथावर टीका लिहिण्याची परंपरा आपल्याकडे फार जुनी आहे. गीतेच्या सातशे श्लोकांवर शके १२१२ मध्ये, म्हणजे इ. स. १२९० मध्ये, ज्ञानेश्वरी सिद्ध झाली. कालिदासाच्या काव्यांवर मल्लिनाथाने टीका लिहिल्या. परीक्षेसाठी आपण ही नावे पाठ करतो. परंतु चित्रपटावरही टीका असू शकते, आणि तीही कागदावर लिहिलेली नव्हे, तर चित्रपट चालू असताना कानात बोलली जाणारी, हे मला गेल्या वर्षापर्यंत ठाऊक नव्हते.

आमच्या इंग्रजीच्या सरांनी आपल्या संग्रहातील 'सिटिझन केन' या अमेरिकन चित्रपटाची डीव्हीडी मला ग्रंथालयातील संगणकावर पाहण्यासाठी दिली. मी चित्रपट पाहिला. खरे सांगायचे तर फारसा कळला नाही. सर म्हणाले, "आता कॉमेंटरी लावून पुन्हा पाहा." मी तसे केले. पडद्यावर चित्र तेच होते, पण पात्रांचे बोलणे मागे हळू झाले होते आणि कोणी तरी शेजारच्या खुर्चीवर बसून मला एकेक गोष्ट दाखवीत होते. त्या भाष्याला उपशीर्षके नव्हती आणि माझे इंग्रजी बेताचे. तेव्हा दोन तासांचे ते भाष्य पुरे करायला मला चार दुपारी लागल्या.

माझ्या घरात माझ्याआधी कोणी महाविद्यालयाची पायरी चढलेले नाही. धडा अडला तर घरी विचारावे असे कोणी नाही, आणि वर्गात उठून विचारायचा धीर होत नाही. त्यामुळे शेजारी बसून समजावून सांगणारा आवाज ही माझ्या दृष्टीने नुसती गंमत नव्हती. पुढे सरांकडून आणखी काही चकत्या आणून ऐकल्या, तेव्हा ध्यानात आले की सगळेच भाष्यकार काही समजावून सांगत नाहीत. काही तर ऐकणाऱ्याला विसरूनच जातात. असे का होते, याचा विचार करण्याचा प्रयत्न या लेखात केला आहे.

भाष्याचा जन्म

या प्रकाराचा आरंभ १९८४ साली अमेरिकेत झाला. क्रायटेरियन या संस्थेने 'किंग काँग' (१९३३) हा चित्रपट लेसरडिस्कवर काढला. लेसरडिस्क म्हणजे ग्रामोफोनच्या मोठ्या तबकडीएवढी, पण चित्रपट साठवणारी चकती. तिच्यावर ध्वनीसाठी दोन मार्ग असत. जुन्या चित्रपटाला एकच मार्ग पुरे होता. दुसरा रिकामा राहिला. त्या रिकाम्या मार्गावर रोनाल्ड हेव्हर या चित्रपट-इतिहासकाराचे बोलणे मुद्रित करण्यात आले. लॉस एंजेलिसच्या कलासंग्रहालयात ते चित्रपटांचे काम पाहत असत. पडद्यावर तो अक्राळविक्राळ वानर दिसत असताना, त्याची अवघी अठरा इंच उंचीची बाहुली विलिस ओब्रायन यांनी एकेका चित्रचौकटीसाठी थोडीथोडी हलवून कशी जिवंत केली, अशा प्रकारची माहिती ऐकायला मिळणे ही त्या काळी नवलाची गोष्ट होती.

१९९७ साली अमेरिकेत डीव्हीडी आली. तिच्यावर ध्वनीचे आठपर्यंत मार्ग ठेवता येतात. मग काय, भाष्यांचा सुकाळ झाला. दिग्दर्शक, नट, लेखक, छायाचित्रकार, प्राध्यापक सगळेच बोलू लागले. सुकाळात धान्याबरोबर भूसही येणारच.

दिसते ते सांगू नये

आमचे वडील लहानपणी रेडिओवर ऐकलेल्या क्रिकेटच्या मराठी समालोचनाच्या, बाळ ज. पंडितांच्या आवाजाच्या आठवणी सांगतात. रेडिओवरच्या समालोचकाला प्रत्येक चेंडू शब्दांनी दाखवावा लागतो, कारण ऐकणाऱ्याला मैदान दिसत नाही. चित्रपटाच्या भाष्याची गोष्ट नेमकी उलटी आहे. येथे ऐकणाऱ्याला सर्व काही दिसत असते. तरीही पुष्कळ भाष्यकार "आता हा दार उघडतो, आता तो आत येतो" असे धावते वर्णन करीत बसतात.

याचे प्रसिद्ध उदाहरण म्हणजे 'टोटल रिकॉल' (१९९०) या चित्रपटाचे भाष्य. दिग्दर्शक पॉल व्हरहोव्हन आणि नट अर्नोल्ड श्वार्झेनेगर दोघे मिळून बोलतात. त्यांपैकी श्वार्झेनेगर वारंवार पडद्यावर जे चालले आहे तेच सांगत राहतात. लोक ते भाष्य विनोद म्हणून आवडीने ऐकतात. करमणूक म्हणून ते ठीकच आहे, पण चित्रपटाविषयी त्यातून पदरात फारसे पडत नाही.

येथे एक खुलासा करायला हवा. दृष्टिहीन प्रेक्षकांसाठी वेगळा वर्णनाचा ध्वनिमार्ग असतो. दिसणारी गोष्ट सांगणे हेच तेथे काम असते आणि ते मोलाचे आहे. तेव्हा वर्णन वाईट नव्हे. कोणासाठी बोलतो आहोत हे न ओळखता केलेले वर्णन वाईट.

पाहायला शिकवणारे भाष्य

'सिटिझन केन' (१९४१) वरील मी ऐकलेले पहिले भाष्य रॉजर ईबर्ट यांचे. शिकागोच्या वृत्तपत्रात ते चित्रपट-समीक्षा लिहीत आणि १९७५ साली त्यांना समीक्षेसाठी पुलित्झर पारितोषिक मिळाले होते. २०१३ साली ते वारले. या चित्रपटाचा दिग्दर्शक ऑर्सन वेल्स तेव्हा अवघ्या पंचविशीचा होता आणि ग्रेग टोलंड हा त्याचा छायाचित्रकार. टोलंडच्या छायाचित्रणाला 'डीप फोकस' म्हणतात हे मी पुस्तकात वाचून वहीत उतरवले होते. अर्थ मात्र उतरला नव्हता.

चित्रपटात एक प्रसंग आहे. घराबाहेर बर्फात लहान मुलगा खेळतो आहे. घरात त्याची आई त्याला कायमचे दुसऱ्याच्या हाती सोपवण्याच्या कागदांवर सही करते आहे. कॅमेरा खिडकीपासून मागे मागे येतो. आई पुढे मोठी दिसते, बाप मध्ये येरझाऱ्या घालतो, आणि पार मागे खिडकीच्या चौकटीत तो मुलगा अगदी लहान, पण तितकाच स्पष्ट दिसत राहतो. ज्याच्या आयुष्याचा निकाल लागतो आहे त्याला काही पत्ता नाही, आणि आपण मात्र त्याला आणि सहीला एकाच वेळी पाहतो. जवळचे आणि लांबचे एकाच चित्रात सारखेच स्पष्ट ठेवणे म्हणजे डीप फोकस. अशा जागी भाष्यकाराचा आवाज कानात असला की ती व्याख्या पुन्हा पाठ करावी लागत नाही.

दुसरा प्रसंग केन कफल्लक होतो तेव्हाचा. खोलीच्या मागच्या भिंतीच्या खिडक्या साध्या उंचीच्या वाटतात. केन चालत त्यांच्यापाशी जातो आणि एकाएकी खिडक्या त्याच्या डोक्याच्या कितीतरी वर राहतात. माणूस केवढासा होऊन जातो. पहिल्या वेळी ही गोष्ट माझ्या डोळ्यांसमोरून निसटली होती. कोणी बोट दाखवल्यावर ती दिसली, आणि आता ती न पाहणे मला शक्य नाही. चांगल्या भाष्याची माझ्या मते हीच पहिली खूण होय.

दुसरे उदाहरण अकिरा कुरोसावा यांच्या 'राशोमोन' (१९५०) चे. त्यावर डोनाल्ड रिची यांचे भाष्य आहे. रिची अमेरिकन, पण १९४७ पासून त्यांचे बहुतेक आयुष्य जपानात गेले, आणि कुरोसावांच्या चित्रपटांवर त्यांनी १९६५ साली ग्रंथही लिहिला. या चित्रपटात जंगलात घडलेल्या खुनाची साक्ष निरनिराळी माणसे निरनिराळ्या प्रकारे देतात. न्यायालयाच्या अंगणात बसून ती समोर पाहत बोलतात, मात्र न्यायाधीश एकदाही दिसत नाही, त्याचा आवाजही ऐकू येत नाही. साक्षी जणू आपल्याकडेच पाहून बोलतात. म्हणजे निकाल आपण द्यायचा. पडद्यावर काय आहे हे दाखवण्यापेक्षा काय नाही हे दाखवणे अधिक अवघड. परक्या देशातील चित्रपटाला तर असा जाणता वाटाड्या फार आवश्यक असतो.

वेळेचे बंधन

ग्रंथाच्या टीकाकाराला जी सवलत असते ती चित्रपटाच्या भाष्यकाराला नसते. एका श्लोकावर पन्नास ओव्या लिहिल्या तरी श्लोक जागेवर थांबतो. चित्रपट थांबत नाही. 'सिटिझन केन' ११९ मिनिटांचा आहे, तर भाष्यही ११९ मिनिटांतच बसले पाहिजे. आणि एखादे दृश्य वीस सेकंदांचे असेल तर त्याविषयीचे मुख्य वाक्य त्या वीस सेकंदांतच आले पाहिजे. उशीर झाला की बोट एकीकडे आणि चित्र दुसरीकडे अशी गत होते.

म्हणूनच घरून निबंध लिहून आणून तो एका दमात वाचणारे भाष्य कितीही विद्वत्तापूर्ण असले तरी कंटाळवाणे होते. वाचणाऱ्याचे डोळे कागदावर असतात, पडद्यावर नसतात, हे ऐकणाऱ्याला लगेच कळते. याउलट काही तयारी न करता आलेले लोक चित्रपट पाहण्यातच रंगून जातात, पाच पाच मिनिटे गप्प बसतात आणि मग "त्या दिवशी फार थंडी होती" असे काही तरी सांगतात. तयारी तर हवी, पण ती डोळ्यांआड राहायला हवी. विषयांतरही चालते, पण परत येता आले पाहिजे. ज्ञानेश्वर श्रोत्यांशी बोलता बोलता लांब जातात, तसे स्वतःच कबूल करतात, आणि मूळ श्लोकाकडे वळतात.

स्तुती आणि भांडण

नट-दिग्दर्शकांच्या पुष्कळ भाष्यांत परस्परांची स्तुती एवढेच असते. हा किती गुणी, ती किती गोड. लग्नाच्या पंगतीतील आग्रहासारखे ते कानांवरून जाते. याच्या अगदी विरुद्ध टोकाला 'द लाइमी' (१९९९) चे भाष्य आहे. त्यात दिग्दर्शक स्टीव्हन सोडरबर्ग आणि लेखक लेम डॉब्स बोलतात, नव्हे भांडतात. माझ्या पटकथेतील अमुक का गाळले, असे लेखक तोंडावर विचारतो आणि दिग्दर्शकाला उत्तर द्यावे लागते. या भांडणातून आपल्याला कळते की पडद्यावरचे प्रत्येक दृश्य कोणी तरी निवडलेले असते आणि त्याऐवजी दुसरे काही असू शकले असते. मला स्वतःला हा मोठा धडा वाटला. छापलेले आणि चित्रित झालेले सर्व काही अटळच असते, अशी माझी समजूत होती.

जवळच्या माणसाने बोलावे की अभ्यासकाने, हाही प्रश्न आहे. 'सिटिझन केन' च्या त्याच संचात पीटर बोग्दानोविच यांचेही भाष्य आहे. ते स्वतः दिग्दर्शक आणि वेल्स यांचे स्नेही. वेल्स यांच्याशी झालेल्या त्यांच्या दीर्घ मुलाखतींचे पुस्तक १९९२ मध्ये निघाले. त्यांच्या बोलण्यात स्नेहाचा ओलावा आहे, प्रत्यक्ष ऐकलेल्या गोष्टी आहेत. पण मला, पहिल्यांदाच शिकायला बसलेल्या मुलीला, ईबर्ट अधिक उपयोगी पडले. जवळच्या माणसाला बरेच काही माहीत असते. परंतु दुसऱ्याला काय माहीत नाही हे त्याच्या लक्षात राहतेच असे नाही.

घरचा एक प्रयोग

हे सारे वाचून-ऐकून मी शहाणी झाले असे मला वाटू लागले. दिवाळीच्या सुटीत आईबरोबर प्रभातचा 'संत तुकाराम' (१९३६) पाहायला बसले. आई ब्लाउज शिवते. तिचे शिक्षण चौथीपर्यंत. तिला चित्रपट समजावून सांगावा म्हणून मी सुरुवात केली. हा बघ तुकाराम, ही त्याची बायको जिजाई, आता ती रागावली आहे. थोडा वेळ आईने ऐकून घेतले. मग हातातली सुई न थांबवता म्हणाली, "अगं, डोळे आहेत मला. दिसत नाही ते काही असेल तर सांग."

मी गप्प झाले. ज्या दोषाबद्दल मी दुसऱ्यांना नावे ठेवत होते तोच मी केला होता, आणि वर आईला काही कळत नाही असे गृहीतही धरले होते. पुढे जिजाई विठोबावर चप्पल उगारते तो प्रसंग आला. मी त्याला देवाविरुद्धचे बंड म्हणणार होते, तोच आई म्हणाली, "चप्पल उगारायला देव घरातला वाटावा लागतो. परक्यावर कोण हात उगारतं?" एवढेच. दोनच वाक्ये, दृश्य संपायच्या आत. माझ्या वहीतील कोणत्याही नोंदीपेक्षा ते भाष्य सरस होते.

समारोप

मल्लिनाथाने आपल्या टीकेविषयी दोन नियम सांगून ठेवले आहेत : मुळाचा आधार नाही ते लिहायचे नाही, आणि अपेक्षित नाही ते बोलायचे नाही. चित्रपटाच्या भाष्यालाही हे दोन नियम पुरेसे आहेत. निराधार आठवणी आणि पोकळ स्तुती पहिल्या नियमाने बाद होतात. दिसणारे पुन्हा सांगणे दुसऱ्या नियमाने. मी माझ्या अनुभवाने त्यात एका गोष्टीची भर घालते. ऐकणारा आपल्यापेक्षा कमी समजू नये. त्याला माहिती कमी असेल, समज कमी नसते.

आता चकत्या मागे पडल्या आहेत. मोबाइलवर चित्रपट पाहताना बहुतेक ठिकाणी भाष्याची सोय नसते. तरीही आपल्या महाविद्यालयात एक गोष्ट करता येईल. एखाद्या जुन्या मराठी चित्रपटाचा वीस मिनिटांचा भाग घ्यावा, तिघा-चौघांनी तो दहा वेळा पाहावा आणि मोबाइलवरच आपले मराठी भाष्य मुद्रित करावे. त्यांपैकी एक जण विद्यार्थी नसावा. कोणाची आई असावी, कोणाचे आजोबा असावेत. आमची आई यायला तयार आहे. फक्त शिवणकाम बरोबर आणू द्यावे, एवढीच तिची अट आहे.